गाडी किती खाली घ्यावी? टेप, गणित आणि आईची कंबर

मागच्या श्रावणातली गोष्ट. सोमवारी संध्याकाळी आईला डॉक्टरकडे जायचं होतं. मी म्हटलं, "थांब, लॅपटॉप बंद करतो आणि सोडतो तुला." ती चप्पल घालता घालता म्हणाली, "राहू दे रे, तू कामात आहेस. मी रिक्षाने जाते." दोन दिवसांनी देवळात जाताना तेच. रविवारी मावशीकडे जायचं होतं, तेव्हाही तेच. शेवटी बायकोने सांगितलं, "आईंना तुझ्या गाडीत मागे बसवत नाही. कंबरेत कळ येते त्यांच्या. तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत."

सिल्वासातल्या रिक्षात जो बसलाय त्याला कळेल, की रिक्षा माझ्या गाडीपेक्षा बरी वाटणं म्हणजे काय. आणि गाडी अशी झाली होती ती माझ्याच हौसेने. चार महिन्यांपूर्वी मी तिच्या मूळ स्प्रिंग्ज काढून बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग्ज बसवल्या होत्या. गाडी ४० मिलिमीटर खाली आली होती. फोटोत झकास दिसत होती.

आपल्या मंडळातल्या दोन-तीन मुलांनी गेल्या काही महिन्यांत मला विचारलं, "दादा, कुठल्या स्प्रिंग्ज घेऊ?" त्यांच्यासाठी हा लेख. कंपनीचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण खरा प्रश्न कंपनीचा नसतो, किती खाली आणि कोणासाठी हा असतो. मी तो प्रश्न पैसे देऊन झाल्यावर सोडवला. तुम्ही आधी सोडवा.

गाडी कोणती, रस्ता कोणता

माझी गाडी म्हणजे फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, सेकंडहँड. परदेशात हिला कोणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. पण आपल्याकडे पगारदार माणसाला परवडणारी, रोज चालवता येणारी आणि तरीही मन खूश करणारी गाडी म्हटली, की गेली दहा वर्षं हिचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतं. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात बनलेली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गिअरांचा डीएसजी. जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, आणि २०२२ मध्ये पोलोचं उत्पादनच भारतात थांबलं. त्यामुळे ज्यांच्याकडे आहे ते ती जपतात, आणि जपता जपता तिच्यात काहीबाही बदल करतात.

रस्ता तर तुम्हाला ठाऊकच आहे. आठवड्यातून तीन दिवस मी घरून काम करतो, दोन दिवस वापीच्या ऑफिसात जातो. सिल्वासातून निघालं, की थोडा गुजरात, मग दादरा, मग पुन्हा गुजरात. अर्ध्या तासात तीनदा हद्द बदलते. (याच मधल्या पट्ट्यातून जाण्याच्या हक्कावरून पोर्तुगाल भारताविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता आणि १९६० मध्ये त्याचा निकाल लागला, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला गाडीत ऐकवतात.) हद्द बदलली की डांबर बदलतं. त्यात पिपरिया, मसाट, रखोलीच्या कारखान्यांचे मालाने भरलेले ट्रेलर. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जुलैत पाण्याखालचा खड्डा किती खोल आहे हे चाक त्यात गेल्यावरच समजतं. सुट्टीच्या दिवशी खानवेल, दुधनीकडे जावं तर रस्ता सुंदर, वळणं सुंदर, आणि प्रत्येक पाड्यापाशी गावकऱ्यांनी पोरांच्या काळजीपोटी घातलेले उंच, अरुंद गतिरोधक.

म्हणजे ज्या वळणांसाठी गाडी खाली घ्यावीशी वाटते, ती वळणं आणि खाली घेतलेल्या गाडीचे वैरी एकाच रस्त्यावर आहेत.

स्प्रिंग काय करते

मी बीई कॉम्प्युटर. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या पेपरात केटी लागता लागता वाचलो होतो. पण आई रिक्षाने जायला लागली त्या रात्री मी तेच पुस्तक काढून बसलो.

स्प्रिंगचं काम दोन शब्दांत सांगायचं तर गाडी तोलणं आणि खड्ड्याचा मार पोटात घेणं. स्प्रिंग किती ताठ आहे हे न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये मोजतात. समजा, एका स्प्रिंगचा आकडा २५ आहे. म्हणजे ती १ मिमी दाबायला सुमारे अडीच किलोचा भार लागतो. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतोय, प्रत्येक गाडीचे वेगळे असतात. पण छोट्या हॅचबॅकच्या आसपासचे आहेत.

गाडी सपाट रस्त्यावर उभी असताना चाकाला वर जायला थोडी जागा शिल्लक असते. त्या जागेच्या शेवटी एक रबरी ठोकळा असतो, त्याला बंपस्टॉप म्हणतात. समजा ही जागा ७० मिमी आहे. गाडी ३० मिमी खाली घेतली की जागा उरली ४०. इथे दुकानदार म्हणतो, "पण नवीन स्प्रिंग जास्त ताठ आहे ना, ती एवढी दबणारच नाही." बोलण्यात तथ्य आहे, पण ते किती आहे हे मोजून पाहू.

स्प्रिंग जी ऊर्जा पोटात घेते ती असते, ताठपणाचं निम्मं गुणिले दबलेल्या अंतराचा वर्ग. अंतराचा वर्ग आहे, हे लक्षात ठेवा. सगळी गोम तिथेच आहे.

मूळ स्प्रिंग: ताठपणा २५, जागा ७० मिमी. ऊर्जा साधारण ६१ ज्यूल.
१५ मिमी खाली, ३० टक्के जास्त ताठ: जागा ५५ मिमी. ऊर्जा ४९ ज्यूल.
३० मिमी खाली, ३० टक्के जास्त ताठ: जागा ४० मिमी. ऊर्जा २६ ज्यूल.
४० मिमी खाली, ३० टक्के जास्त ताठ: जागा ३० मिमी. ऊर्जा १५ ज्यूलच्या आत.

पहिले १५ मिमी खाली आल्यावर एक पंचमांश ताकद गेली. पुढचे १५ गेल्यावर निम्म्याहून जास्त गेली. ४० ला पाव उरली. ३० मिमी खाली घेऊन मूळ गाडीइतकाच मार सोसायचा असेल तर स्प्रिंग ३० टक्के नव्हे, तिप्पट ताठ हवी. तशी गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालते, आमलीच्या बाजारातून नाही.

हेच वेगाच्या भाषेत सांगतो. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. जो खड्डा मूळ गाडी ४० च्या वेगाने बंपस्टॉपला न टेकता पार करते, तोच ३० मिमी खाली घेतलेल्या गाडीला २६ च्या वेगाने घ्यावा लागतो आणि ४० मिमी खाली घेतलेल्या गाडीला २० च्या. शॉकॲब्सॉर्बरचा हिशेब मी यात धरलेला नाही, त्यामुळे नेमके आकडे बदलतील. दिशा मात्र तीच राहील.

उरले फक्त ७ मिमी

आता आई. आई मागे बसते. शेजारी बाबा, डिकीत पिशव्या. समजा, मागच्या प्रत्येक चाकावर ७५ किलोचा भार वाढला. मूळ स्प्रिंग त्याने साधारण २९ मिमी दबेल. ताठ स्प्रिंग २३ मिमी. मूळ गाडीत ७० मधून २९ वजा केले तर ४१ मिमी जागा उरते. माझ्या गाडीत ७० मधून आधी ४० गेले, मग २३. उरले ७.

सात मिलिमीटर! करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. म्हणजे आई-बाबा मागे बसले की माझी गाडी जवळपास स्प्रिंगवर नव्हतीच, रबराच्या ठोकळ्यावर चालत होती. मी एकटा वापीला जायचो तेव्हा ती "जरा कडक पण मस्त" वाटायची, कारण मी पुढे आणि एकटा होतो. आई सांगत होती ते कंबरेचं दुखणं, आणि मी समजत होतो तो वयाचा परिणाम.

मागच्या ॲक्सलची रचना वेगळी असल्याने तिथे हे गणित तंतोतंत लागू होत नाही. म्हणून मी खात्री करून घेतली. गॅरेजमधल्या काकांनी मागच्या शॉकॲब्सॉर्बरचं धूळ अडवणारं रबर वर सरकवलं आणि दांडीवर एक साधा केबल टाय घट्ट बांधला. मग चौघांना घेऊन नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारली. टाय ढकलला जाऊन जिथे थांबतो, तिथवर शॉकॲब्सॉर्बर दबला असं समजायचं. आमचा टाय पार शेवटपर्यंत गेला होता, बंपस्टॉपच्या रबरात रुतून बसला होता. दोन रुपयांच्या टायने जे दाखवलं ते वीस हजारांच्या स्प्रिंग्ज घेताना मला कोणी दाखवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी कोणाला विचारलंही नव्हतं.

गतिरोधकाचं गणित

पोटाला घासणं हा दुसरा विषय. आपल्याकडे गतिरोधकासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येची गोलाई. पोलोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर साधारण २.४७ मीटर. गाडी बरोबर मधोमध आली की दोन्ही चाकं त्या गोलाईच्या उतारावरच असतात. हिशेब केला तर गतिरोधकाचा माथा चाकांच्या रेषेपेक्षा फक्त साडेचार सेंटिमीटर वर येतो. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाला खाली घेतलेली गाडीही सहसा घासत नाही.

पण पाड्यावरचा गतिरोधक हातभर रुंद आणि वीतभराला थोडा कमी उंच. समजा १५ सेंटिमीटर. त्यावर चाकं पलीकडे उतरून सपाट रस्त्यावर येतात आणि पूर्ण १५ सेंटिमीटर गाडीच्या पोटाखाली उभे राहतात. पोलोचा ग्राउंड क्लीअरन्स रिकामी असताना सुमारे १६५ मिमी. त्यातून ४० गेले तर १२५. माणसं बसली की आणखी कमी. दुधनीच्या वाटेवर माझ्या इंजिनच्या ऑइल चेंबरने असाच एक गतिरोधक घासला. नशिबाने चेंबर फुटलं नाही, नुसता ओरखडा आला. फुटलं असतं तर तेल रस्त्यावर, इंजिन धोक्यात आणि घरचे सगळे उन्हात टोइंगची वाट पाहत उभे. त्या दिवशी बाबा फक्त एवढंच म्हणाले, "तिरकी घे रे पुढच्या वेळी." तेव्हापासून मी प्रत्येक गतिरोधकावर सगळ्यांना खाली उतरवायला लागलो होतो. रिक्षावाला कोणाला उतरवत नाही!

मग लोक खाली का घेतात?

कारण फायदा खराच आहे, फक्त वाटतो तितका सरळ नाही. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर आतल्या चाकांवरचा भार कमी पळतो. पण किती? गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५४० मिमीवर धरला तर ३० मिमी म्हणजे साडेपाच टक्के. फरक आहे, चमत्कार नाही.

दुसरीकडे तोटाही आहे. पोलोसारख्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात. गाडी खाली आली की खालचा आर्म आडवा होतो, फारच खाली आली तर बाहेरच्या टोकाला वर चढतो. त्यामुळे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू, म्हणजे रोल सेंटर, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. गाडी खाली येते, पण कलायला लांब दांडा मिळतो. वळणावर गाडी जी घट्ट वाटते, ती मुख्यतः ताठ स्प्रिंगमुळे, खालीपणामुळे नव्हे. म्हणून थोड्या खाली आणि थोड्या ताठ स्प्रिंग्ज बऱ्याचदा खूप खाली घेतलेल्या गाडीपेक्षा चांगल्या चालतात.

तिसरी गोष्ट शॉकॲब्सॉर्बरची, ज्याला गॅरेजमध्ये आपण जंपर म्हणतो. स्प्रिंग उसळते, जंपर ती उसळी मारतो. स्प्रिंग ३० टक्के ताठ केली आणि जंपर जुनाच ठेवला तर त्याची पकड सापेक्षतेने बाराएक टक्क्यांनी सैल पडते. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेला जंपर मुळातच थकलेला असतो. मग गाडी एकाच वेळी कडक आणि उड्या मारणारी होते. माझी तशीच झाली होती.

घ्यायच्याच असतील तर

एवढं वाचूनही तुम्हाला घ्यायच्या असतील, तर हे बघा.

आधी मोजा. चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंना टेपने अंतर घ्या आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, दोन्ही मोजा. केबल टायची चाचणी मूळ स्प्रिंगवरच करा. किती जागा उरतेय ते कळलं की किती घालवायची ते ठरवता येतं.

कॅटलॉगमधला आकडा तुमचा आकडा नाही. आयबाख आणि एच अँड आर या जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंग्ज नावाजलेल्या आहेत, पण पाकिटावरचे "३० मिमी" हे युरोपातल्या गाडीच्या उंचीवरून मोजलेले असतात. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी भारतातली पोलो मुळातच युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली होती. त्यामुळे तीच स्प्रिंग इथे बसवली की गाडी लिहिलेल्यापेक्षा जास्त खाली येऊ शकते. माझ्या ४० मिमीची कथा इथूनच सुरू झाली. मी ३० च्या समजून घेतल्या होत्या.

इंजिन तपासा. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असतं, म्हणून पुढच्या स्प्रिंग्ज वेगळ्या असतात. पार्ट नंबरसोबत पुढच्या ॲक्सलचा भार दिलेला असतो, तो तुमच्या गाडीशी जुळवा. "सगळ्या पोलोला चालतात" असं म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका.

जंपरचा विचार सोबतच करा. खाली घेतलेल्या गाडीला लहान लांबीचे जंपर लागतात. उदाहरणार्थ बिलस्टाईनचे बी६ मूळ उंचीसाठी आहेत, बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी. एकाच वेळी उघडायचं असल्याने वरचं माउंटिंग, बेअरिंग आणि बंपस्टॉपही नवीन घाला. मजुरी एकदाच लागते.

स्प्रिंग कापू नका. "दोन वेढे कापतो, पाचशे रुपये द्या" असं सांगणारे आपल्याकडेही आहेत. कापलेली स्प्रिंग गाडी जॅकवर उचलली किंवा चाक खड्ड्यात लोंबलं की जागेवरून सुटू शकते. गॅस कटरने तापवलेल्या पोलादाचं पाणी उतरतं आणि ते पुढे मोडू शकतं. तुटलेलं टोक टायरमध्ये घुसलं तर काय होईल ते सांगायला नको.

घरी उघडू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये किती जोर असतो ते वरच्या गणितात आलंच. ती उघडण्याचं अवजार घसरलं तर हात जातो. हे काम योग्य अवजार असलेल्या गॅरेजमध्येच.

बसवल्यावर थोडं थांबा. नवीन स्प्रिंग पहिल्या काही आठवड्यांत जराशी बसते. त्यानंतर पुन्हा मोजा, अलाइनमेंट करा आणि हेडलाइटचा झोत तपासा. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खाली आली असेल तर झोत जवळ पडतो, आणि खानवेलच्या पुढे रात्री रस्त्यावर दिवे नसतात.

कायदा आणि विमा

याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी वकील नाही. तुमचा बदल यात बसतो का, हे परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्या.

विम्याचंही तसंच. बदल कळवला नसेल तर अपघातानंतर दाव्याला अडचण येऊ शकते. कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. मी हे केलं नव्हतं. चार महिने मी सगळं कुटुंब घेऊन अशा गाडीतून फिरत होतो, जिचा विमा प्रसंगी किती उपयोगी पडला असता हे मला माहीत नव्हतं. ओरखड्यापेक्षा आणि पैशापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

एकच सूत्र, दोन उत्तरं

माझ्या कॉलेजच्या एका मित्राकडे पुण्यात अशीच पोलो आहे. तो एकटा राहतो, पहाटे गाडी काढतो, महिन्यातून एकदा घाटात जातो, आईवडील गावी असतात आणि कुठे जायचं तर ट्रेनने जातात. मी त्याला माझी सगळी आकडेमोड पाठवली. त्याने टायची चाचणी केली, जागा मोजली आणि २० मिमीच्या आसपास खाली येतील अशा स्प्रिंग्ज, सोबत नवीन जंपर असं ठरवलं. परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला विचारल्यावरच पैसे द्यायचे, हेही त्याने माझ्याकडूनच घेतलंय. त्याच्यासाठी ते उत्तर बरोबर आहे.

माझं उत्तर वेगळं आलं. आमच्या घरी एकच गाडी आहे आणि तिची मागची सीट रिकामी नसते. दिवाळीच्या आधी मी माळ्यावरून मूळ स्प्रिंग्ज उतरवल्या. काढताना त्या जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळून ठेवल्या होत्या. ही एवढी एकच गोष्ट मी सुरुवातीपासून नीट केली होती. त्या परत बसवल्या, सोबत मूळ उंचीचे चांगले जंपर, नवीन बंपस्टॉप आणि बरे टायर. लोअरिंग स्प्रिंग्ज विकल्या नाहीत, कारण पार्ट नंबर न जुळणाऱ्या वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारायच्या नव्हत्या. त्या भंगारात गेल्या. त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं का बोला.

गाडी आता दिसायला पूर्वीसारखीच, चारचौघींसारखी. पण नवीन जंपरमुळे खानवेलच्या वळणांवर ती मी खाली घेतलेल्या गाडीपेक्षा जास्त विश्वासाने जाते. मला हवं होतं त्यातलं बरंचसं जंपर आणि टायर बदलूनच मिळालं असतं. सुरुवातही तिथूनच करायला हवी होती.

पाडव्याला सगळे दुधनीला गेलो. जाताना कोणालाही कुठे उतरवावं लागलं नाही. आई मागे बसली होती. मी आरशात तिच्याकडे पाहत होतो, प्रत्येक खड्ड्याला तिचा चेहरा बघत होतो. शेवटी तीच म्हणाली, "अरे, पुढे बघून चालव."

केबल टाय अजून मागच्या जंपरवर आहे. परवा पाहिला, अर्ध्यापेक्षा थोडा वर थांबला होता. तुमच्यापैकी कोणाला आपली गाडी मोजून घ्यायची असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला या. टेप आणि टायचं पाकीट माझ्या डिकीत असतं. येताना गाडीत रोज बसणाऱ्या सगळ्यांना घेऊन या, विशेषतः मागे बसणाऱ्यांना. मोजायचं त्यांच्यासकटच आहे.